न विकण्याची चित्रे

महाल, नागपूर

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. तान्ह्या पोळ्याच्या मुलांसाठी तू रंगवतेस त्या लाकडी नंदींची मागणी यंदा वाढली आहे आणि त्यापाठोपाठ दिवाळीच्या पणत्या व रुखवताचे पाट रांगेत आहेत, हे वाचून समाधान वाटले. पण पत्राचा खरा विषय तो नव्हता, हे शेवटच्या परिच्छेदापर्यंत आल्यावर कळले. तुझे बाबा गेल्यापासून रात्री काम आटोपल्यावर तू पाठकोऱ्या कागदांवर हाताला येईल तसे रंगवतेस, त्याने छातीवरचे दडपण उतरते आणि झोप लागते. एका ग्राहक बाईंनी ते कागद तुझ्या कामाच्या खोलीत पाहिले आणि त्यातले सहा फ्रेम करून हवेत म्हणून चांगली किंमतही सांगितली. द्यावेत की नाही, एवढेच तू विचारले आहेस. माझे उत्तर ‘देऊ नकोस’ असे आहे. मात्र ते का, हे पटले नाही तर पुढचे गिऱ्हाईक आले की तू पुन्हा याच ठिकाणी अडशील, म्हणून सविस्तर लिहिते.

नंदी रंगवताना तुझा हात काय करतो ते आठव. लाकडाला पॉलिशपेपर मारून, अस्तर देऊन, पांढरा रंग वाळला की तू पाठीवरची झूल आखतेस, मग शिंगांचे पट्टे, गळ्यातल्या माळेचे ठिपके आणि सर्वांत शेवटी डोळे. शेवटच्या नंदीचे डोळे पहिल्यासारखेच उतरले पाहिजेत, कारण गिऱ्हाइकाने व्हॉट्सॲपवर पाहिलेला नमुना तोच आहे. या कामातही मन निवते, हे मला ठाऊक आहे. एकसारखे ठिपके देत गेले की श्वास संथ होतो आणि विचारांची गर्दी ओसरते. तरीही त्या कामात समोर कोणी तरी बसलेले असते, मग खोलीत तू एकटी का असेनास. ठिपका चुकला तर पुसायचा, रंग सांडला तर पुन्हा अस्तर द्यायचे, आणि पार्सल ठरल्या दिवशी निघायला हवे. रात्रीच्या कागदाला नमुना नाही, मुदत नाही आणि तो बिघडूही शकत नाही. मागे आलीस तेव्हा दाखवलेला एक कागद माझ्या नजरेसमोर आहे: गेरूचा मोठा डाग, आणि तो ओला असतानाच नखाने खरवडून काढलेल्या वाकड्या रेषा, इतक्या जोराने की दोन ठिकाणी कागद फाटला होता. असा कागद विक्रीसाठी कोणी करत नाही. तो फाटला म्हणूनच त्या रात्री तुला झोप लागली असावी.

आता तो कागद विकला तर काय होईल? त्या एका कागदाला काहीच होणार नाही. जे होईल ते पुढच्या कागदाला. गेरू लावताना तुझ्या मनात येईल की मागच्या वेळी बाईंना तपकिरी छटा आवडली होती. कागद फाटू लागला की हात आखडेल. हा माझा नुसता तर्क नाही. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका बालवाडीत, चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना आधीच सांगितले, की चित्र काढलेस तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना ते शेवटी अचानक दिले. आणि काहींना काहीच दिले नाही. पुढे एक-दोन आठवड्यांनी वर्गात रंग मोकळे ठेवले, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्रे काढलेली मुले इतरांच्या सुमारे निम्माच वेळ रंगांकडे वळली. ज्यांना बक्षीस अचानक मिळाले होते, त्यांची गोडी मात्र कमी झाली नव्हती. म्हणजे पैसा किंवा कौतुक वाईट नाही; ते आधीपासून डोळ्यांसमोर असले की हात बदलतो. मानसशास्त्रज्ञ तेरेसा अमाबिली यांनी प्रौढ, व्यावसायिक चित्रकारांच्या बाबतीत असेच पाहिले. त्यांची मागणीवरून केलेली आणि स्वतःहून केलेली चित्रे एकत्र मांडून, कोणते कशातले हे न सांगता जाणकारांना दाखवली, तेव्हा कसब दोन्हींत सारखेच ठरले, पण सर्जकतेत मागणीवरची चित्रे उणी पडली. तुझ्या व्यवसायाला त्यातून काही धोका नाही, कारण नंदीमध्ये कसबच हवे असते. रात्रीच्या कागदाला मात्र कसबाची गरजच नाही, आणि म्हणून तिथे हा तोटा सोसण्यासारखा नाही.

करायचे आणि विकायचे नाही, हे व्यापारी माणसाला पटवणे कठीण जाते. पण आपण नागपूरकर आहोत, आपल्याला ते सांगावे लागू नये. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी एकीकडे तुझे नंदी मुलांच्या हातात मिरवतात आणि त्याच दिवशी इतवारी-महालच्या रस्त्यांवरून काळी आणि पिवळी मारबत निघते. बांबू आणि कागद बांधून, रंगवून, सजवून तो पुतळा किती मेहनतीने उभा करतात हे तू लहानपणापासून पाहिले आहेस. आणि हे सारे एका दिवसासाठी, कारण ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ असा घोष करत तिला न्यायचे आणि जाळायचे, हेच आधीपासून ठरलेले असते. सव्वाशेहून अधिक वर्षे हे शहर आपले दुखणे, रोगराई आणि राग हाताने घडवत आले आहे आणि घडवून झाल्यावर देऊन टाकत आले आहे. मारबत कोणी घरी जपून ठेवत नाही. तुझे कागदही जाळलेच पाहिजेत असे मी म्हणत नाही. काही ठेव, काही फाड. पण ते ज्या कामासाठी जन्मले ते काम त्याच रात्री पार पडलेले असते.

या वाटेने गेलेली माणसे पुष्कळ आहेत. ॲड्रियन हिल हा इंग्रज चित्रकार क्षयरोगाने आरोग्यधामात पडून होता, तेव्हा खाटेवर बसल्या बसल्या चित्रे काढून त्याने स्वतःला सावरले, मग शेजारच्या रुग्णांच्या हाती रंग दिले, आणि १९४२ च्या सुमारास याच अनुभवातून कलोपचार हे नाव रूढ केले. स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस रोज सकाळी वहीत एक लहानशी वर्तुळाकृती काढत असे आणि तिच्यात आपल्या मनाची त्या दिवसाची स्थिती पाहत असे. मला सर्वांत जवळचे वाटतात ते रवींद्रनाथ टागोर. कवितेच्या हस्तलिखितात खोडलेले शब्द त्यांना सलत, म्हणून ते त्या खोडांना रेषांनी जोडत गेले. त्यातून चोची, चेहरे, अनोळखी प्राणी उगवले, आणि साठी उलटल्यावर ते चित्रे काढू लागले. १९३० मध्ये पॅरिसला त्यांचे प्रदर्शन भरले हे खरे, पण सुरुवात खोडलेल्या ओळीपासून झाली होती, प्रदर्शनापासून नव्हे.

आता व्यवहाराचे बोलते. रात्रीच्या कामाचे रंग, कुंचले आणि जागा धंद्याच्या सामानापासून वेगळी कर. यात सोवळेओवळे काही नाही. नंदीसाठी घेतलेला महाग ॲक्रिलिक वाटीत ओतलास की वाया जाऊ नये ही काळजी आपोआप येते. गेरू, कोळसा, शाळेचे खडू, जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू, एवढे पुरते. चांगला कागद मुद्दाम घेऊ नकोस, कारण चांगल्या कागदापुढे हात भितो. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर गेला की पाण्याचा रंग कुंचला उचलेपर्यंत सुकतो, आणि कूलर लावला तर कागद उडतो; त्या दिवसांत रंगाचा आग्रह सोडून खडू किंवा ओली माती हातात घे.

हात अडेल त्या रात्री फ्लॉरेन्स केन या अमेरिकन कलाशिक्षिकेची रीत वापर. उभी राहा, खांद्यापासून हात सैल फिरव, डोळे मिटून कागदावर एकच न थांबणारी रेघ ओढ. मग डोळे उघडून कागद चारी बाजूंनी फिरवून बघ. कुठल्या तरी बाजूने त्या गुंत्यात काही तरी दिसते, ते दिसले की तेवढेच गडद कर. काहीच दिसले नाही तर गुंता तसाच राहू दे आणि झोपायला जा. नंदीच्या हंगामात दहा मिनिटेसुद्धा पुष्कळ झाली, आणि एखादा आठवडा अजिबात झाले नाही तरी मनाला लावून घेऊ नकोस. रोजची सक्ती केलीस तर तीही एक ऑर्डरच होईल.

फोटो काढू नकोस, हे मात्र कळकळीने सांगते. इन्स्टाग्रामवर टाकायचा नसला तरी काढू नकोस. फोन उचललास की तू कागदाच्या आतून बाहेर येऊन त्याच्याकडे पाहणारी होतेस, प्रकाश बरा पडावा म्हणून कागद सरकवतेस, आणि गिऱ्हाईक खोलीत येऊन बसते. कागदावर मागच्या बाजूला तारीख लिही आणि पेटीत टाक.

या दोन कामांमध्ये काहीच देवाणघेवाण होऊ नये असे नाही. एखादा पावसाळा जाऊ दे आणि मग पेटी उघड. तोपर्यंत त्या रात्रीची धग गेलेली असते आणि कारागिराच्या डोळ्याला काही दिसू लागते: गेरूशेजारी पडलेला मोरपंखी, रुंद आणि बारीक रेघेची एखादी जोडी. ते उचल, पाटावर वापर, त्याचे पैसे घे. चित्र तिथेच राहू दे. माझ्या छापाच्या कापडांतले कितीतरी रंग असे पेटीतून आलेले आहेत, आणि ते कुठून आले हे कोणत्याही गिऱ्हाइकाला कळलेले नाही.

एक गोष्ट मात्र जपून सांगायला हवी. २०१६ मध्ये गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ३९ प्रौढांना ४५ मिनिटे मनाप्रमाणे काही करायला दिले, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश लोकांच्या लाळेतले कॉर्टिसोल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, कमी झाले, आणि आधी कलेचा अनुभव असण्या-नसण्याने फरक पडला नाही. हे दिलासा देणारे आहे. पण ही मोजकी माणसे होती, आणि एका बैठकीचा ताण उतरणे म्हणजे आजार बरा होणे नव्हे. प्रशिक्षित कलोपचारतज्ज्ञ जे करतो आणि तू रात्री एकटी जे करतेस, त्यांतही अंतर आहे. बाबांच्या आठवणीने रडू येणे, त्यांच्यावर रागसुद्धा येणे, हे स्वाभाविक आहे आणि कागद ते सोसतो. पण रंगवल्यावर मोकळे वाटण्याऐवजी दिवसेंदिवस अधिक जड वाटू लागले, झोप आणि जेवण तुटले, किंवा जगणे नकोसे वाटण्याचा विचार एकदा जरी डोकावला, तर कागदाच्या भरवशावर राहू नकोस. आईला सांग, मला सांग, डॉक्टरकडे चल. रात्री-अपरात्री कोणी नसेल तर १४४१६ हा शासनाच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक आहे, तो चोवीस तास चालू असतो आणि पैसे लागत नाहीत. मी तुझ्याबरोबर दवाखान्यात येईन, हे वेगळे सांगायला नको.

आता त्या बाईंचे. त्यांनी तुझे मन दुखावण्यासाठी विचारलेले नाही. त्यांना ते कागद खरोखर आवडले आहेत, त्यामुळे नकार आदराने दे आणि लगेच दे, म्हणजे त्या वाट पाहत बसणार नाहीत. त्यांना असे लिही, की ती चित्रे मी घरच्यांसाठी ठेवली आहेत, ती देता येणार नाहीत. आपल्याला त्यातले कोणते रंग आवडले ते कळवलेत तर त्या रंगांत भिंतीवर लावायचा एक पाट रंगवून देईन, दिवाळीनंतर. पाटाची किंमत सांगताना त्यांनी सहा कागदांना देऊ केलेला आकडा मनात आणू नकोस. लाकूड, रंग आणि तुझे तास यांचा नेहमीचा हिशेब कर आणि निम्मी रक्कम आगाऊ घे. आणि ते कागद कामाच्या खोलीतून आजच आतल्या खोलीत ने.

तुझी,
मावशी