मुंगसाने धरलेली कोंबडी

प्रश्न : काका, परवा भर दुपारी मुंगसाने आमची तलंग (तरुण कोंबडी) धरली. कुत्रा धावला म्हणून सुटली. पाठीची कातडी तळहाताएवढी सोलून लोंबते आहे, आतलं लाल मांस दिसतं. सासूबाईंनी खोबरेलात हळद कालवून थापली. रात्री गुड्यात (खुराड्यात) सोडली तर बाकीच्या तिघी तिलाच टोचायला लागल्या. आज दाणा टिपलेला नाही. घरचे म्हणतात, कापून मोकळे होऊ. वाचेल का?
— एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : पत्र मिळालं त्याच दिवशी या ताईंना फोन केला. अंक छापून येईपर्यंत कोंबडी थोडीच थांबणार! फोनवर जे सांगितलं तेच इथे लिहितो.

कापू नका. पाठीची जखम दिसते भयंकर, पण कोंबडीचं मांस आतून फार लवकर भरून येतं. पावसाळ्यात ती मरते ती माशीमुळे, आणि स्वतःच्याच सोबतिणींच्या चोचीमुळे. लाल दिसलं की कोंबड्या टोचणारच, त्यांना दया शिकवता येत नाही. तेव्हा आधी तिला वेगळी काढा. पडवीच्या कोपऱ्यात डालग्याखाली, खाली कोरडं गोणपाट, वरून मच्छरदाणीचं कापड चारी बाजूंनी खोचून. थोडा अंधार असू द्या, घाबरलेली कोंबडी अंधारात शांत होते.

आता हळद. मीही हेच केलं होतं, नोकरीला लागायच्या आधी, घरच्या खुडूक कोंबडीला. वरून छान पिवळी खपली धरली, मी खूश. तिसऱ्या दिवशी वास आला, खपली उचलली तर खाली अळ्या वळवळत होत्या. माशीने घातलेली अंडी दिवसाभरात फुटतात आणि हळदीच्या थराखाली काही दिसत नाही. शिवाय तेलाने पिसं चिकटली की कोंबडी गारठते. म्हणून तो लेप भिजवून हळूच काढा.

एक लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात दीड चमचा मीठ, चहाचा चमचा. त्याने जखम धुवा. भोवतालची पिसं कात्रीने कापा, उपटू नका. मग पोव्हिडोन आयोडीन (जखमेवर लावायचं जंतुनाशक) पाण्यात इतकं पातळ करा की रंग फिक्या कोऱ्या चहासारखा दिसेल, आणि ते लावा. दिवसातून दोनदा. अळी दिसली तर चिमट्याने एकेक वेचा. रॉकेल, फिनेल जवळही आणू नका. दात खोल रुतल्याचं भोक असेल तर त्यात पाण्याची धार सोडू नका. कोंबडीच्या फुप्फुसाला जोडलेल्या हवेच्या पिशव्या अंगभर असतात, पाणी तिथे शिरलं तर संपलं. गळ्याच्या पिशवीतून दाणापाणी बाहेर येत असेल, किंवा श्वास घेताना चोच उघडी राहत असेल, तर रिक्षा करा आणि दवाखाना गाठा.

शिवावं का, असं ताईंनी विचारलं. दोन दिवसांच्या, माती गेलेल्या जखमेला टाके घातले तर पू आत कोंडतो. उघडीच भरू दे. लोंबणारी कातडी वाळून काळी पडेल, आपोआप गळेल.

खाण्याचं फार मनावर घेऊ नका. पहिला दिवस पाणी प्याली तरी पुरे. मग पेजेतली मऊ शितं, कुस्करलेलं उकडलेलं अंडं. (स्वतःचं अंडं खायला घालायचं, म्हणून सासूबाई नाक मुरडतील. घाला.) घरातल्या तापाच्या, दुखण्याच्या गोळ्या मात्र नकोत. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं तर अंडी किती दिवस खायची नाहीत, तेही तिथेच विचारून घ्या. तसंही ती महिनाभर अंडं देणार नाही, अंगावर पीस आणि मांस चढवायचं काम आधी.

कातडी धरून लाली गेली की डालगं गुड्याशेजारी ठेवा, सगळ्या एकमेकींना बघू देत. चार दिवसांनी तिन्हीसांजेला, बाकीच्या दांडीवर बसल्या की हळूच आत सोडा. आणि गुड्याच्या चिऱ्याखालची फट आजच बुजवा. मुंगूस परत येणार.