कवाई, चिबी आणि मोए

जपानी ॲनिमेमधील टपोऱ्या डोळ्यांच्या पात्रांविषयी बोलताना ‘कवाई’, ‘चिबी’ आणि ‘मोए’ हे शब्द आलटून पालटून वापरले जातात. ते समानार्थी आहेत का आणि तिन्हींसाठी ‘गोंडस’ म्हणून भागेल का, अशी विचारणा झाली आहे. माझ्या मते भागणार नाही, कारण कवाई हा पात्राचा गुण आहे, चिबी ही ते चितारण्याची रीत आहे आणि मोए ही पाहणाऱ्याच्या मनाची अवस्था आहे.

‘कवाई’च्या जुन्या रूपात ‘चेहरा’ आणि ‘लखलखणे’ असे दोन घटक होते आणि त्याचा अर्थ लाजेने चेहरा तापणे असा होता. पुढे दुसऱ्याची दशा न पाहवणे, म्हणून कीव येणे, आणि त्या किवेतून माया वाटणे, असा अर्थ सरकत गेला. ‘बिचारा’ या अर्थाचा ‘कवाइसो’ हा शब्द आजच्या जपानीतही त्याच कुळातला आहे. आपल्याकडे ‘गोजिरवाणे’ आणि ‘केविलवाणे’ हे शब्द वेगळे राहिले. कवाईत दोन्ही छटा एकत्र नांदतात, आणि धडपडणारे, अडखळणारे, सहज डोळे भरून येणारे पात्र प्रेक्षकाला का भावते याचे उत्तर बरेचसे इथेच मिळते. ही आवड मात्र शब्दाच्या आजच्या अर्थापेक्षा जुनी आहे. जपानी राजदरबारातील लेखिका सेई शोनागोन हिने इ. स. 1000च्या सुमारास लिहिलेल्या ‘माकुरा नो सोशी’ या टिपणवजा पुस्तकात हाकेसरशी टुणटुणत येणारे चिमणीचे पिल्लू अशाच लोभस गोष्टींत मोडते, तिने वापरलेल्या ‘उत्सुकुशी’ या शब्दाचा अर्थ आज ‘सुंदर’ असा झाला आहे.

‘चिबी’ म्हणजे बुटके, ठेंगणे. प्रौढ माणसाची उंची त्याच्याच डोक्याच्या मापाने मोजली तर साधारण सात ते साडेसात डोकी भरते. चिबी चित्रात ती दोन-तीन डोक्यांवर येते. डोळे चेहऱ्याच्या मध्यरेषेखाली उतरतात, नाक ठिपक्याएवढे उरते किंवा नाहीसेच होते आणि बोटे एकमेकांत मिसळून जातात. मोठे डोके, पुढे आलेले कपाळ, खाली असलेले मोठे डोळे ही तान्ह्या बाळाची ठेवण मोठ्यांमध्ये वात्सल्य जागवते, असे प्राणिवर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी 1943मध्ये मांडले होते. चिबी चित्रकार नेमकी तीच ठेवण वाढवून दाखवतो. गंभीर मालिकेत एखादे पात्र चिडले किंवा ओशाळले की क्षणभर असे आखूड होते, त्यामुळे चिबी हे सर्वच कवाई पात्रांचे नाव ठरत नाही. आपल्याकडे कौतुकाने वापरला जाणारा हा शब्द जपानमध्ये बुटक्या माणसाला उद्देशून उच्चारला तर तो दुखावण्याचीच शक्यता अधिक, हेही ध्यानात ठेवावे.

‘मोए’चा मूळ अर्थ अंकुर फुटणे, उच्चाराने तंतोतंत तसेच असलेले दुसरे क्रियापद ‘पेटणे’ या अर्थाचे आहे. चाहत्यांच्या बोलीत हा शब्द एखाद्या पात्राविषयी मनात दाटणारी ओढ या अर्थाने 1990च्या दशकात रुळला. जपानीत पात्रालाही मोए म्हणतात, तरी मराठीत लिहिताना ‘त्या पात्रावर जीव जडला’ ही रचना मला त्याच्या सर्वांत जवळची वाटते.