फिनितो लोपेझचं ५१-० सोड, ती एक बरोबरी बघ

प्रश्न असा होता: मेक्सिकोचा बॉक्सर रिकार्डो 'फिनितो' लोपेझ याचं रेकॉर्ड ५१ विजय, ० पराभव, १ बरोबरी, तरीही चावेझ, मोरालेस, मार्केझ या मेक्सिकन दिग्गजांच्या जोडीने त्याचं नाव कोणी घेत नाही, मग कच्चे गडी निवडून आकडा फुगवला होता का? आणि बघायच्याच तर कुठल्या फाइट बघाव्यात? तू लिहिलंयस की तू स्वतः ४८ किलोत खेळतोस, बॉक्सिंग सुरू करून वर्ष झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मीही कॉलेजात याच वजनात खेळलोय, आणि आता कित्येक वर्षं संध्याकाळी पोरांना शिकवतो, त्यामुळे हा माणूस माझ्या फार जवळचा आहे.

आधी नाव न होण्याचं कारण. लोपेझचा गट १०५ पौंडांचा, म्हणजे ४७.६ किलो. प्रोफेशनल बॉक्सिंगमधला सगळ्यात हलका गट, आणि तो सुरूच झाला १९८७ मध्ये. म्हणजे लोपेझ १९८५ च्या जानेवारीत प्रोफेशनल झाला, वय १८, तेव्हा तो ज्या गटात पुढे आठ वर्षं राज्य करणार होता तो गटच अस्तित्वात नव्हता. वरच्या गटांना शंभर वर्षांचा इतिहास, जुने हिरो, जुनी भांडणं, इथे काहीच नाही. त्यात काळ कोणता तर चावेझचा. मेक्सिकोत त्या वर्षांत बॉक्सिंग म्हणजे हुलियो सेझार चावेझ, बाकी सगळे त्याच्या सावलीत. अमेरिकेतल्या टीव्हीवाल्यांना ४७ किलोची माणसं दाखवण्यात रस नव्हता, मोठ्या कार्डवर (म्हणजे एका रात्रीच्या फाइटच्या यादीत) लोपेझची फाइट असली तरी बहुतेक वेळा मेन फाइटच्या कितीतरी आधी, खुर्च्या अर्ध्या रिकाम्या असताना. त्यात त्याचा खेळ नीटनेटका, रक्तबंबाळ होऊन परत उठणं वगैरे नाही. फिनितो या नावातच ते आलं, रेखीव, नजाकतीचा. आणि रेखीव माणसाच्या गोष्टी लोक सांगत बसत नाहीत.

माणूस कुएर्नावाकाचा, जन्म १९६६ चा. सुरुवातीला मॅनेजर होते 'कुयो' एर्नांदेझ, हे म्हणजे रुबेन ओलिव्हारेस आणि कार्लोस सारातेला घडवणारे म्हातारबुवा, आणि ट्रेनर नाचो बेरिस्ताइन. बेरिस्ताइनची मेक्सिको सिटीतली तालीम म्हणजे रोमान्झा. हे नाव त्यांच्याच दोन चॅम्पियनांवरून पडलंय, हिल्बेर्तो रोमान आणि डॅनियल सारागोसा, दोघांची नावं जोडून. पुढे मार्केझ बंधूही त्याच हाताखाली घडले. हे सांगतोय अशासाठी की हुआन मानुएल मार्केझचं ते कोपरं जवळ ठेवणं, समोरच्याने पंच टाकला की लगेच त्याच रेषेत परत मारणं हे तुला आवडत असेल तर त्याच घराण्यातला थोरला भाऊ म्हणून लोपेझकडे बघ. गायकीत जसं घराणं ओळखू येतं ना, तसंच आहे हे.

टायटल त्याला मेक्सिकोत बसून मिळालेलं नाही. २५ ऑक्टोबर १९९०, टोकियो, कोराकुएन हॉल, समोर डब्ल्यूबीसी (डब्ल्यूबीए, आयबीएफ, डब्ल्यूबीओसारखी जागतिक बेल्ट देणारी संस्था) चॅम्पियन हिदेयुकी ओहाशी, घरचं मैदान, घरचं पब्लिक. लोपेझने त्याला पाचव्या राउंडमध्ये संपवलं. (हाच ओहाशी पुढे जिमचा मालक झाला आणि त्याच्याच जिममधून नाओया इनोउए आला, म्हणजे आज आपण सगळे ज्याचे व्हिडिओ बघतो त्याचा गुरू लोपेझकडून हरलेला आहे.) बेल्ट मिळाल्यावर पहिला डिफेन्स (बेल्ट राखायची फाइट) परत जपानमध्ये, दुसरा कोरियात. घरी बसून बेल्ट सांभाळणाऱ्या माणसाची ही लक्षणं नाहीत.

आता 'कच्चे गडी' या आरोपाकडे येऊ. त्या गटात त्याने २१ वेळा टायटल राखलं, आणि २१ मध्ये काही साधे होते, ते मान्य, कुठल्याही लांब कारकिर्दीत असतात. पण बाकीचे बघ. समन सोरजातुराँग नावाच्या थाई बॉक्सरला लोपेझने १९९३ मध्ये दुसऱ्याच राउंडमध्ये काढला. दोन वर्षांनी हाच समन एक गट वर गेला आणि त्याने उम्बेर्तो 'चिकिता' गोन्झालेझला नॉकआउट करून दोन बेल्ट घेतले, ती १९९५ ची फाइट ऑफ द इयर ठरली. म्हणजे जो गडी चिकिताला भारी पडला तो लोपेझसमोर सहा मिनिटं टिकला नाही. मॅनी मेल्चोर आयबीएफचा माजी चॅम्पियन, त्याला अकराव्या राउंडमध्ये थांबवलं. अॅलेक्स सांचेझ १९९३ पासून डब्ल्यूबीओचा बेल्ट घेऊन बसलेला, त्याला ऑगस्ट १९९७ मध्ये पाचव्या राउंडमध्ये. रोसेंडो आल्व्हारेझ डब्ल्यूबीएचा अपराजित चॅम्पियन, त्याच्याबद्दल खाली लिहितो. आयबीएफचा बेल्ट त्या दशकात मुख्यतः रतनपोल सोर वोरापिनकडे होता आणि त्याच्याकडून तो दक्षिण आफ्रिकेच्या झोलानी पेटेलोने घेतला. लोपेझने या दोघांनाही हरवलं, फक्त तोपर्यंत तो १०८ पौंडांत गेला होता. चारही संस्थांचे त्या काळातले मोठे चॅम्पियन एकेक करून त्याच्या यादीत आहेत. याला कच्चे गडी म्हणता येत नाही.

एक आरोप मात्र मला खरा वाटतो आणि तो लपवायचं कारण नाही. १९९३ मध्ये १०८ पौंडांत मायकल कार्बाहाल आणि चिकिता गोन्झालेझची फाइट झाली, कार्बाहाल दोनदा पडला, उठला आणि सातव्या राउंडमध्ये चिकिताला नॉकआउट केलं. त्या लहान गटांत दहा लाख डॉलरचं मानधन त्याच जोडीने आणलं. अवघ्या तीन पौंडांवर पैसा, नाव, इतिहास सगळं होतं आणि लोपेझ १०५ मध्येच राहिला. चिकिता बेरिस्ताइनकडेच होता, एकाच तालमीतले दोन पठ्ठे एकमेकांसमोर उभे करणं कोणालाच नको असतं, ते मी समजू शकतो. पण कार्बाहालशी फाइट व्हायला हवी होती. ती झाली असती तर आज हा प्रश्न तुला विचारावाच लागला नसता. मला त्याची हळहळ अजून वाटते.

आता मुख्य गोष्ट. सगळे ५१-० बघतात, मी म्हणतो ती बरोबरी बघ. ७ मार्च १९९८, मेक्सिको सिटीची प्लाझा दे तोरोस, बैलांच्या झुंजीचं मैदान. समोर निकाराग्वाचा रोसेंडो आल्व्हारेझ, टोपणनाव 'बुफालो', आणि खेळही तसाच, खाली मान घालून आत घुसायचं. लोपेझचं सगळं साम्राज्य अंतरावर उभं होतं. जॅबने, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ पंचने, समोरच्याला हाताच्या टोकावर ठेवायचं, तो कंटाळून आत आला की उभ्या-उभ्या अपरकट, खालून वर येणारा पंच. आल्व्हारेझने ते अंतरच खाऊन टाकलं. दुसऱ्या राउंडमध्ये लोपेझ पंच लागून खाली बसला, कारकिर्दीत पहिल्यांदा, तेही स्वतःच्या लोकांसमोर.

तिथे व्हिडिओ थांबवून त्याचा चेहरा बघ. घाबरलेला नाही आणि चिडलेलाही नाही. उठतो, गार्ड वर घेतो, आणि पुढच्या राउंडपासून पाऊल थोडं बाजूला टाकायला लागतो, सरळ मागे जात नाही. आमच्याकडे पोरगा पहिल्यांदा खाली बसला की एकतर हिशेब चुकता करायला धावत सुटतो किंवा दोरीला चिकटतो, आठवडाभर डोक्यातून जात नाही. हा एकतीस वर्षांचा माणूस, जो तेरा वर्षांत कधी पडलाच नव्हता, तो मिनिटभरात पायांचा नकाशा बदलतो. सातव्या राउंडमध्ये डोक्याला डोकं आपटून लोपेझला जखम झाली, फाइट थांबली, गुण मोजले आणि टेक्निकल ड्रॉ. रेकॉर्डवरचा एकमेव डाग तो हाच.

आणि मग त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लास वेगासला त्याच माणसाशी परत. ज्याने तुला पाडलंय त्याच्याशी आठ महिन्यांत परत उभं राहायला कोणी जबरदस्ती करत नव्हतं. आल्व्हारेझचं वजन जास्त भरलं, त्याचा बेल्ट काट्यावरच गेला. तू या वजनात खेळतोस म्हणून तुला कळेल हे किती मोठं आहे. आपल्या गटात अर्धा किलो म्हणजे अंगाचा एक टक्का. शेवटच्या रात्री पाण्याचा घोट न घेता, रेनकोट घालून दोरी मारून उतरवलेलं ते वजन असतं, ओठांना भेगा पडलेल्या असतात, आणि समोरचा मात्र ते न उतरवता रिंगमध्ये येतो. लोपेझला फाइट नाकारायचा पूर्ण हक्क होता. तो बारा राउंड खेळला आणि स्प्लिट डिसिजनने, म्हणजे तीनपैकी दोन जजच्या मताने, जिंकला. खूप जवळची फाइट आहे, काही राउंड मी आल्व्हारेझला देतो, पण शेवटच्या भागात कोण काय करतोय ते बघितलंस तर निकाल पटतो.

त्यानंतर १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये १०८ पौंडांत विल ग्रिग्स्बीकडून आयबीएफचा बेल्ट, वय ३३. डिसेंबर २००० मध्ये रतनपोल तिसऱ्या राउंडमध्ये. आणि शेवटची फाइट २९ सप्टेंबर २००१, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, हॉपकिन्स-त्रिनिदाद या मोठ्या फाइटच्या कार्डवर. ही तारीख आधी १५ सप्टेंबर होती, न्यूयॉर्कवरच्या हल्ल्यामुळे दोन आठवडे पुढे गेली. पेटेलोला आठव्या राउंडमध्ये नॉकआउट केलं आणि नंतर रिंगमध्ये उतरलाच नाही, २००२ मध्ये निवृत्ती जाहीर केली. ५१ पैकी ३८ नॉकआउट, एवढ्या हलक्या गटात. २०१० मध्ये हॉल ऑफ फेम. परत येण्याचा मोह त्याने टाळला, आणि बॉक्सिंगमध्ये हे किती जणांना जमलंय ते तूच आठवून बघ.

कोणीतरी खाली लिहिलंय की थाई बॉक्सर वानहेंगने ५४-० केलं होतं, त्याच गटात, मग तो मोठा का नाही? वानहेंग चिवट होता, मेहनती होता, २०२० मध्ये शेवटी हरला. पण बहुतेक सगळ्या फाइट थायलंडमध्ये, आणि दुसऱ्या संस्थांच्या चॅम्पियनांना तो भिडला नाही. नुसता आकडाच मोजायचा तर तो पुढे, समोर कोण होतं ते मोजलं तर तुलनाच होत नाही.

आता तुझ्या कामाचं. लोपेझ दिसायला उंच नाही वाटत पण या गटासाठी उंच होता, साधारण ५ फूट ५ इंच, आणि तरी अपरकट त्याचा सगळ्यात घातक पंच. उंच माणसाने अपरकट मारायचा तर सगळे आधी गुडघ्यात वाकतात, हात खाली नेतात, मग वर आणतात, आणि समोरच्याला तार आधीच पोचते. लोपेझचा हात गार्डमधून निघतो. हनुवटीजवळून मूठ फक्त वळते, कोपर बरगडीला घासून जातं, आणि ताकद मागच्या टाचेतून कंबरेत येते. जॅब, सरळ उजवा, मग डावा अपरकट, आणि तोच डावा हात परत न नेता तिथूनच हुक. एकाच हाताचे दोन पंच, मध्ये श्वास घेण्याएवढी सुद्धा फट नाही. मी पोरांना हे बॅगवर शिकवताना काखेत टॉवेल धरायला लावतो, अपरकटला टॉवेल पडला म्हणजे कोपर बाहेर गेलं. सुरुवातीला सगळ्यांचाच पडतो, दोन-तीन महिन्यांनी थांबतो.

क्रम असा ठेव: आधी ओहाशी, मग समन, मग अॅलेक्स सांचेझ, इथपर्यंत तुला वाटेल की हा माणूस सगळं सोपं करून टाकतोय. मग आल्व्हारेझच्या दोन्ही, एकाच बैठकीत, मध्ये ब्रेक न घेता. शेवटी पेटेलो. दुसऱ्यांदा बघताना कॉमेंट्रीचा आवाज बंद कर आणि हात बघूच नकोस, फक्त पुढचा डावा पाय बघ, प्रत्येक कॉम्बिनेशन संपल्यावर तो कुठे पडतो ते वहीत लिही. ग्रिग्स्बीची फाइट लांबते, ती वेळ असेल तेव्हा. आणि तो टॉवेलचा प्रकार उद्यापासूनच सुरू कर, डाव्या काखेपासून. काही अडलं तर इथेच विचार, शक्य झालं तर तुझ्या बॅगवर्कचा बाजूने काढलेला व्हिडिओ टाक, समोरून काढलेल्यात कोपर दिसत नाही.