टाका-टीप : मधून विरलेल्या चादरीचं काय करावं?

संक्रांत तोंडावर आली की या सदराकडे वाणाचे प्रश्न वाढतात. यंदाही वाढले. पण सुरुवात चादरीपासून करते, कारण त्या पत्रातली अडचण सोलापुरातल्या जवळजवळ प्रत्येक घरातली आहे.

प्रश्न : ताई, सासूबाईंच्या वेळची सोलापुरी चादर आहे. मधोमध विरलीय, दोन ठिकाणी फाटलीही. टाकवत नाही आणि पांघरवतही नाही. मशीन साधं, पायाचं आहे. काय करता येईल?
— एक वाचक, भवानी पेठ

उत्तर : आधी चादर उजेडाच्या खिडकीसमोर दोघींनी ताणून धरा. जिथून उजेड आरपार येतो, तिथलं सूत संपलं. त्यावर कितीही टिपा मारल्या तरी ते धरणार नाही. तेवढा भाग खडूने आखून घ्या. चादरी बहुधा मधेच विरतात, जिथे रोज अंगाचा भार पडतो. दोन्ही बाजूंचे काठ मात्र पक्के राहतात.

चादर नुसतीच विरली असती, फाटली नसती, तर जुन्या बायकांची युक्ती सांगितली असती. चादर उभी मधोमध कापायची, बाहेरचे दोन्ही काठ मधे आणून जोडायचे आणि विरलेल्या कडा बाहेर नेऊन दुमडायच्या. जोड एकावर एक अर्धा इंच चढवून दोन टिपा मारल्या की पाठीला टोचत नाही. नक्षीचा काठ मधोमध येतो, तो मला तरी छान दिसतो. घरात दुसऱ्या कुणाकडे अशी चादर असेल तर करून पाहा.

तुमच्या चादरीच्या मात्र बाजाराच्या पिशव्या कराव्यात. काठाकडच्या भागातून 20 इंच रुंद आणि 40 इंच लांब असा तुकडा आखा. लगेच कातर लावू नका. चादरीचं सूत जाड, विण मोकळी. कापल्याबरोबर कडा सुटायला लागतात आणि बघता बघता इंचभर कापड गळून जातं. खडूच्या रेघेच्या आतून पाव पाव इंचावर दोन टिपा मारा आणि मग रेघेवर कापा. झिगझॅग नसलेल्या मशीनवर हाच उपाय. सुई 18 नंबरची घाला, टाका लांब ठेवा, इंचाला आठच्या आसपास.

लांबीच्या दोन्ही टोकांना दोन दोन इंच एकेरी दुमडून टीप मारा. कडा आधीच बांधलेली आहे, त्यामुळे पुन्हा आत दुमडायची गरज नाही. दुमडलीत तर जाडी वाढून सुई तुटेल. आता तुकडा उलट बाजूने मधे दुमडा आणि दोन्ही बाजू अर्धा इंच सोडून शिवा. तळाचे कोपरे त्रिकोणासारखे ओढून, जिथे रुंदी चार इंच भरते तिथे आडवी टीप मारा. पिशवीला चार इंचांचा तळ मिळतो. 15 इंच रुंद, 16 इंच उंच अशी पिशवी तयार होते. ज्वारीचं पीठ दळून आणायला, मंडईतून भाजी आणायला ती चांगली पुरते. अस्तराची गरज नाही. आपल्या जॅकार्ड चादरीची नक्षी दोन्ही बाजूंनी असते, फक्त रंगांची अदलाबदल होते. बाहेर मरून मोर, तर आत पांढरा.

पिशवीचे बंद चादरीचे करू नका, ते ताणतात. मुलांच्या जुन्या गणवेशाच्या पॅंटचं टेरीकॉट घ्या. 24 इंच लांब, चार इंच रुंद अशा दोन पट्ट्या, चार पदरी दुमडून एक इंचाच्या. बंद जोडताना टीप चौकोनात फिरवून मधे फुली मारायचीच. पिशव्या बहुतेक वेळा तिथेच तुटतात. जाड जोड आला की पाय मारणं थांबवा, हातचाकाने एकेक टाका घ्या. त्याआधी तो जोड खलबत्त्यातल्या बत्त्याने हलकेच ठोकून चपटा केला तर सुईला सोपं जातं.

फाटक्या मधल्या भागातूनही निघेल तेवढं काढा. दोन तुकडे एकमेकांवर ठेवून, कडेने जुन्या परकराची पट्टी लावली की स्वयंपाकघरात बसायला बसकर होतं. सासूबाईंच्या आठवणीची एक पिशवी नणंदेलाही द्या, तिला बाजारातल्या कुठल्याही भेटीपेक्षा ती जास्त आवडेल.

प्रश्न : वाणाला दरवर्षी प्लास्टिकचे डबे लुटून कंटाळा आलाय. यंदा हाताने शिवलेलं काही द्यायचं आहे. तीस-पस्तीस बायका येतात. जुन्या साड्या भरपूर आहेत. चालतील का?
— जुळे सोलापूर

उत्तर : जुन्या साडीचं वाण देऊ नका. घरात वापरायला, नातवंडांना, मैत्रिणीला जुनं कापड खुशाल द्यावं. पण वाण कोरं असावं असं मानणाऱ्या बायका आपल्या हळदीकुंकवाला येतात, त्यांच्या मनाला का लागू द्यायचं? कोऱ्या कापडातही काटकसर होते. सोलापुरात गणवेश शिवणारे कितीतरी कारखाने आहेत. कटिंगनंतर उरलेले तुकडे विकायला निघतात. ओळखीपाळखीत विचारा. नाहीतर चाटी गल्लीत कटपीस बघा. लाल, निळे, चौकड्यांचे तुकडे छान मिसळतात.

नाडीचा छोटा बटवा करा. तुकडा 7 इंच रुंद, 16 इंच लांब. आधी दोन्ही लांब कडांना दुमड घाला, म्हणजे नाडीच्या तोंडाशी दोरे सुटत नाहीत. मग दोन्ही टोकं सव्वा सव्वा इंच दुमडून नाडीची जागा शिवा. तुकडा मधे दुमडून बाजू शिवताना नाडीच्या जागेच्या खालीच थांबा; वरपर्यंत शिवलंत तर नाडी जाणार कुठून? 18 इंचांच्या दोन नाड्या घ्या. एक डावीकडून आत घालून डावीकडेच बाहेर काढा, दुसरी उजवीकडून. दोन्हीकडे गाठी मारून ओढलं की तोंड घट्ट मिटतं. आत तिळगुळाची पुडी घालून द्या. नंतर बायका त्यात सुट्टे पैसे, सुपारी, बांगड्या ठेवतील.

पस्तीस बटवे एकेक पुरा करत बसलात तर पाठ मोडेल. लग्नाआधी मी गणवेशाच्या कारखान्यात शिवायला बसायचे, तिथली पद्धत सांगते. आधी सगळे तुकडे कापून घ्यायचे. मग सगळ्यांच्या दुमडी. मग सगळ्यांच्या नाडीच्या जागा. एक तुकडा संपला की दोरा न तोडता दुसरा पुढे सरकवायचा, त्याच्यामागे तिसरा. मशीनमागे तोरणासारखी माळ लोंबते, ती शेवटी कातरीने सुटी करायची. दोरा कमी जातो आणि हात एका कामाला सरावतो, त्यामुळे टीपही सरळ येते. इस्त्रीचंही तसंच, सगळं एकदम. आणि घाई करू नका. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. सिद्धेश्वरांची गड्ड्याची जत्रा फिरून आल्यावर बेत ठेवलात तरी उशीर होत नाही.

प्रश्न : टेरी टॉवेल कापला की घरभर सुताचे कण होतात. त्याची लाळेरी आणि भांडी उतरवायच्या चिमटगाद्या करायच्या आहेत.
— अक्कलकोट रोड

उत्तर : अंगणात कापा, तिथेच झटका. कडेचे फासे कातरीने थोडे खाली करा आणि उरेप, म्हणजे तिरक्या कापलेल्या, पट्टीने कड बांधून टाका, म्हणजे पुढे गळत नाही. लाळेऱ्याला लांब नाड्या लावू नका, बाळाच्या गळ्याभोवती नाडी नको. मानेमागे टिचबटण लावा. धुताना कपडे मऊ करणारं औषध घालू नका, टॉवेल पाणी शोषेनासा होतो.

चिमटगादीसाठी दोन पदर टॉवेल, वर सुती कापड. टेरीकॉट अजिबात नको, गरम भांड्याला ते वितळून चिकटतं. कापड कोणतं कळत नसेल तर त्यातले दोन-चार दोरे काढून चिमट्यात धरा आणि स्टीलच्या ताटलीवर पेटवा. सूत कागदासारखा वास देऊन जळतं, मऊ राख होते. टेरीकॉटमधला पॉलिस्टर आकसतो आणि त्याची टणक गुठळी होते.

प्रश्न : आईचं इरकली लुगडं जपून ठेवलंय. मुलीला बाळ झालंय, त्याला दुपटं शिवून द्यावं असं मनात आहे. पण मशीन नाही, आणि लुगड्याला कातर लावायचा धीर होत नाही.
— अक्कलकोट

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. लुगडं ट्रंकेत घडीवरच विरतं. बाळाच्या अंगावर गेलं तर आईचा हात त्याच्यावर फिरल्यासारखं होईल. आपल्याकडे बाळाला पहिलं कापड जुनं, मऊ घालतात ते उगाच नाही.

धीर होत नाही ना, मग पदर कापूच नका. इरकलीचा लाल पदर तसाच ठेवा, तो तुमचा. दुपट्याला अंगाचं सुती कापड घ्या. पदर बहुधा रेशमाचा किंवा बनावट रेशमाचा असतो. सुती अंगाबरोबर जोडला तर धुण्यात दोन्ही वेगवेगळे आटतात आणि दुपटं सुरकुततं. काठही रेशमी असेल तर सोडवून ठेवा.

कापण्याआधी रंगाची परीक्षा घ्या. लुगड्याचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून धरा. फडक्याला रंग लागला तर लुगडं थंड पाण्यात वेगळं धुऊन पुन्हा बघा. तरीही लागतच राहिला तर ते बाळाच्या अंगाला नको, बाळ दुपटं तोंडात घालणारच.

आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्याला दोन पदर पुष्कळ झाले. थंडीसाठी मधे एक जुनं धोतर घाला. लुगड्याच्या रुंदीत बसेल तेवढा चौकोन जमिनीवर पसरा, पदर एकावर एक ठेवून तळहाताने मधून बाहेर सुरकुत्या काढा. मग मोठ्या टाक्यांचा कच्चा धावदोरा, तोही मधून बाहेर. ही पायरी चुकवू नका. कच्चा दोरा नसला की खालचा पदर सरकतो आणि शेवटी एका कोपऱ्यात फुगा येतो. पक्का धावदोरा कडेपासून आत, चौकोनात चौकोन असा घालत जा, दोन ओळींत दोन बोटांचं अंतर. दोरा हातभर लांबीचाच घ्या, लांब घेतला की गुंततो. गाठ पदरांच्या आत लपवा. मणी, टिकल्या, गोंडे, जर, काही लावू नका. टाके वाकडे आले तरी उसवायचे नाहीत. आजीच्या लुगड्यावर आजीचे टाके, नातवाला तेच हवेत.

प्रश्न : मुलगी म्हणते, ऑनलाइन पाऊच इतके स्वस्त मिळतात, तू कशाला डोळे फोडतेस? तिचं खरं आहे का?
— बार्शी

उत्तर : काही वस्तूंच्या बाबतीत खरं आहे. नवीन कापड, चेन, अस्तर, फोम विकत आणून पाऊच शिवलात तर तो बाजारापेक्षा महाग पडतो. मी शिवण्याआधी दुकानात किंमत विचारून घेते आणि विकतचं स्वस्त असेल तर विकत आणते. पण चादरीच्या पिशवीला लागतो तो नुसता दोरा, तेवढ्यात तशी टिकाऊ पिशवी बाजारात मिळणार नाही. म्हणून घरात जे कापड पडून आहे त्यापासूनच विचार सुरू करा. मोबाइलवर नमुना बघून मग त्यासाठी कापड आणायला निघालात की काटकसर तिथेच संपली. आणि मुलीला एक पिशवी शिवायला बसवा. बोलण्यापेक्षा ते बरं.

प्रश्न : टीप मारताना खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होतो. बॉबिन बदलून पाहिली.
— पंढरपूर

उत्तर : गुंता खाली दिसतो, पण दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो. मशीनचा दाबपाय उचलून वरचा दोरा पहिल्यापासून पुन्हा ओवा. दाबपाय खाली असताना ओवला तर दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसत नाही. टीप सुरू करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे ओढून बोटाने धरा. सुई बोथट असेल तर बदला. बॉबिन केसमध्ये अडकलेलं सूत ब्रशने काढा, शटलला थेंबभर मशीनचंच तेल द्या, खोबरेल नको. एवढं करून टाका सुधारला नाही तर मिस्त्रीला दाखवा, टेन्शनचा स्क्रू स्वतः पिळत बसू नका.