जुन्या खरेदीखतावर ‘रॅरिटन’ का?

प्रश्न : मुलाने न्यू जर्सीत एडिसन टाउनशिपमध्ये जुने घर घेतले. १९५० च्या खरेदीखतावर मात्र ‘रॅरिटन टाउनशिप’ लिहिले आहे. कागदात घोळ आहे का? आणि ही टाउनशिप आपल्याकडच्यासारखी बिल्डरनेच उभारलेली का?

उत्तर : घोळ नाही, गाव तेच. वुडब्रिज आणि पिस्कॅटवे यांची काही जमीन काढून १८७० मध्ये रॅरिटन टाउनशिप झाली. १९५४ मध्ये लोकांनी मतदान करून तिचे नाव एडिसन केले, कारण थॉमस एडिसनची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा याच हद्दीत होती. पुण्यात टाउनशिप म्हटले की मोठे फाटक आणि बिल्डरची पाटी आठवते. तिथे ती सरळसरळ नगरपालिका आहे. घरपट्टी तीच घेते, बांधकामाचा परवानाही तीच देते.

हद्द मात्र आक्रसत गेली. १९०० मध्ये मेटुचेन फुटून निघाले, १९०५ मध्ये हायलंड पार्क. म्हणून नकाशात मेटुचेन मेदूवड्याच्या भोकासारखे एडिसनच्या पोटात दिसते.

खरी वाढ महायुद्धानंतरची. १९४८ मध्ये फोर्डचा मोटार कारखाना सुरू झाला, १९५१ मध्ये टर्नपाइक म्हणजे टोलचा महामार्ग आला आणि शेतांवर घरे उठली. १९५० ची १६,३४८ वस्ती १९६० मध्ये ४४,७९९ झाली. दहा वर्षांत पावणेतीनपट! २०२० मध्ये ती १,०७,५८८ होती. भारतीय दुकानांचा ओक ट्री रोड इथलाच, पण तो पुढे इसेलिनमध्ये शिरतो आणि इसेलिन वुडब्रिज टाउनशिपमध्ये मोडते. रस्ता एकच, घरपट्टी घेणाऱ्या नगरपालिका दोन.

घराचा माग काढायचा तर मिडलसेक्स काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) क्लर्कच्या दप्तरात शोधा, खते तिथेच नोंदलेली असतात. १९५४ पूर्वीच्या नोंदी ‘रॅरिटन’खाली पाहा, १८७० पूर्वीच्या वुडब्रिज किंवा पिस्कॅटवेखाली. हंटरडन काउंटीतही एक रॅरिटन टाउनशिप आहे. बहुतेकांची फसगत तिथेच होते, तेव्हा आधी काउंटीचे नाव वाचा. ब्लॉक आणि लॉट क्रमांक म्हणजे आपल्या सर्वे नंबरासारखेच, पण ते मध्येच बदललेले असू शकतात. केवळ क्रमांकावर विसंबू नका, चतुःसीमेचे वर्णन ताडून पाहा. बऱ्याच खतांत ‘हीच मिळकत अमक्याने अमक्या तारखेला दिली’ असे वाक्य असते, सोबत बुक आणि पान क्रमांक. तो धरून एकेक खत मागे जायचे.