सायकलच्या फ्लॅट पेडलसाठी शूज घ्यायचेत पण तळपाय दुखतो, कुठले घेऊ?

आधी दुखतंय नेमकं कुठे ते बघा. बोटांच्या मागचा गादीसारखा भाग जळजळत असेल, मुंग्या येत असतील तर बहुतेक वेळा सोल मऊ असतो नाहीतर शूज पुढून चिंचोळे असतात. रनिंग शूज घालून सायकल चालवणाऱ्यांचं हेच होतं, मऊ फोम पेडलवर दबतो आणि सगळा भार एकाच जागी येतो, पेडलवर पकडीसाठी असलेल्या बारीक पिना पार तळव्याला जाणवतात. माझंही तेच झालेलं, तासाभरात पाय बाहेर काढून बोटं चोळत बसायचो.

म्हणून सोल मधे कडक हवा, पण बोटांपाशी थोडा वाकणारा, नाहीतर उतरून चालताना वैताग येतो. खालचं रबर सपाट आणि चिकट, खोल खाचांचं नको, कारण पकड चांगली असली की बोटं आवळून धरायची गरज पडत नाही. आतला इनसोल काढून त्यावर उभे राहा, पाय बाजूने बाहेर येत असेल तर तो शूज सोडा, कितीही आवडला तरी. ट्राय संध्याकाळी करा, तोवर पाय थोडे सुजलेले असतात. लेसही पुढे सैल ठेवा.

टाच सकाळी उठल्यावर पहिल्या पावलाला दुखत असेल तर प्रकरण वेगळं, तिथे कमानीला आधार देणारा इनसोल लागतो, आणि पाय पेडलवर जरा पुढे सरकवून अॅक्सल (पेडलच्या मधला दांडा) तळव्याच्या मध्याकडे आणला तर पोटरीवरचा ताण कमी होतो, हे फुकटात आजच करून बघता येईल. बधिरपणा सायकलवरून उतरल्यावरही राहत असेल तर मात्र शूज नंतर, आधी डॉक्टर.