काकूंना विचारा : रात्रीचा स्वयंपाक आणि पोळ्या

प्रश्न : काकू, मी आणि माझी बहीण कोथरूडला राहतो, दोघंही नोकरी करतो. हिंजवडीहून घरी पोचेपर्यंत मला साडेआठ होतात. दर सोमवारी ठरवतो, आता रोज घरीच जेवायचं. भाजी आणतो, पोळ्या लाटतो. बुधवारी परत मोबाइलवरून मागवणं सुरू! मेथी फ्रिजमध्ये पिवळी पडते. सवय लागावी कशी? – एक वाचक, पुणे

उत्तर : तुझं घोडं पोळ्यांपाशी अडलंय. कणीक भिजवा, मुरू द्या, लाटा, भाजा, मग ओट्यावर सांडलेलं पीठ पुसा. दमून आलेल्या माणसाचा यातच तास जातो आणि भाजी अजून फोडणीला पडायचीच असते. आठवड्याच्या दिवसांत पोळ्या करूच नकोस. अगदी हव्याच तर पोळी-भाजी केंद्रातून आण, कोथरूडात त्यांना काय तोटा! कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे. कोकणात दोन्ही वेळा भात जेवून पिढ्या वाढल्यात.

मुगाच्या खिचडीपासून सुरुवात कर. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, दोघांना पोटभर. घरात शिरल्याबरोबर धुऊन भिजत टाक, मग हातपाय धू. छोट्या कुकरमध्येच फोडणी कर : मोहरी तडतडली की जिरं, हिंग, उभा चिरलेला कांदा, हळद. निथळलेले डाळ-तांदूळ त्यात परत, चार वाट्या गरम पाणी, मीठ, चमचाभर गोडा मसाला. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद. झाकण आपसूक सुटेपर्यंत कुकरशी झटापट करायची नाही. तेवढ्यात पापड भाज, काकडी चिर. वरून तूप. लिंबाचं लोणचं घरात नसेल तर आधी ते आण.

बाकीचे वारही ठरवून टाक. मंगळवारी पिठलं-भात. बेसन आधी गार पाण्यात कालवून घे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. (मुरलेले लोक उकळत्या पाण्यात पीठ वैरतात, तू इतक्यात त्या वाटेला जाऊ नकोस.) बुधवारी वरण-भात, गुरुवारी विकतच्या भाजणीचं थालीपीठ आणि दही. शुक्रवारी खुशाल मागवा. आज काय करायचं, हे साडेआठ वाजता ठरवायला बसलास तर भुकेलं पोट मोबाइललाच कौल देणार.

मेथी रविवारी निवडायची, पण धुवायची नाही. कोरड्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवायची आणि गुरुवारच्या थालीपिठात संपवायची. जमणार नसेल तर दुधी-कोबी आण, ते बिचारे वाट बघतात.

भात उरला तर रात्रभर ओट्यावर ठेवू नकोस, तास-दोन तासांत फ्रिजमध्ये गेला पाहिजे. बाहेर राहिलेल्या भातात काही जिवाणू असं विष तयार करतात, की नंतर कितीही गरम केलं तरी ते जात नाही. वेळेवर आत ठेवलास, तर सकाळी डब्याला फोडणीचा भात तयार.

आणि बहीण पहिल्या वाक्यानंतर पत्रातून गायबच झाली! कुकर तू लावणार असशील तर भांडी तिची, किंवा उलट. हे आजच बोलून घ्या. नाहीतर मंगळवारी पिठल्याबरोबर भात लावायला जाशील, तेव्हा कुकर सोमवारच्या खिचडीसकट सिंकमध्ये असेल.